शोधांचे एकांडे शिलेदार

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावाला 'समर्थ' हे उपपद लागले ते सूर्याजीपंत ठोसरांच्या धाकट्या मुलामुळे. 1608 साली रामनवमीला जन्मलेला हा नारायण पुढे रामदास झाला. बोहल्यावरून 'सावधान' हा शब्द ऐकताच तो पळून गेला, ही कथा मराठी घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. परंपरा तिच्यापुढे जे सांगते ते मात्र फारसे कोणी आठवत नाही. तो मुलगा नाशिकजवळ टाकळीला पोहोचला आणि तेथे त्याने बारा वर्षे एका ठराविक दिनक्रमात काढली: पहाटेपासून दुपारपर्यंत नदीत उभे राहून जप, नंतर माधुकरी, नंतर अभ्यास आणि लेखन. मंडपातून पळ काढायला एक क्षण पुरला. त्या क्षणाला अर्थ आला तो पुढच्या बारा वर्षांनी.

स्वतंत्र संशोधकाच्या बाबतीत लोकांची स्मरणशक्ती अशीच वागते. कोणत्याही विद्यापीठाच्या वा कारखान्याच्या प्रयोगशाळेचा आसरा नसलेला, स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या फुरसतीतून नवे यंत्र, नवे बियाणे, नवी पद्धत घडवू पाहणारा हा माणूस. त्याला 'सुचले' तो क्षण वर्तमानपत्रात छापून येतो. सुचल्यानंतरची वर्षे कोणी छापत नाही, आणि संशोधक तरतो किंवा बुडतो तो त्या वर्षांत.

मराठवाड्यात अशा माणसांची वाण नाही. तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानात घटकाभर बसले तरी दोन-तीन तरी दिसतात. कोणी जुन्या मोटारसायकलीच्या सांगाड्यावर कोळपे बसवत असतो, कोणी फवारणीचा पंप सायकलच्या चाकाने चालवू पाहत असतो, कोणी पेरणीयंत्राचे दाते आपल्या रानाला साजेसे करून घेत असतो. पाऊस बेभरवशाचा, मजुरी महाग, बैलजोडी परवडेनाशी झालेली. गरज आहे म्हणून कल्पनाही आहे. या सगळ्याला 'जुगाड' म्हणून कौतुकाने पाठ थोपटण्याची अलीकडे एक फॅशन झाली आहे. ते कौतुक थोडे घातकच म्हटले पाहिजे. जुगाड म्हणजे आजचे काम आज भागवणे. शोध म्हणजे तेच काम दहाव्या वर्षी, दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या हातून, तितक्याच खात्रीने होणे. या दोन गोष्टींत जे अंतर आहे ते हुशारीने तुटत नाही, शिस्तीने तुटते.

अर्थशास्त्राच्या भाषेत पाहिले तर संस्थेतील शास्त्रज्ञ आणि एकांडा संशोधक यांच्यातील फरक बुद्धीचा नसून जोखमीच्या वाटणीचा आहे. संस्थेतल्या शास्त्रज्ञाचा प्रयोग फसला तरी महिन्याच्या शेवटी पगार होतो. शंभर प्रयोगांतले नव्वद फसणार हे संस्थेने गृहीत धरलेले असते आणि उरलेल्या दहांच्या उत्पन्नातून ती नव्वदांचा खर्च भरून काढते. एकांड्याजवळ एकच प्रयोग असतो. तो फसला तर नुकसान त्याचे, आणि बहुतेक वेळा त्याच्याहून अधिक त्याच्या घरच्यांचे. शाळेची फी थकते, बायकोच्या पाटल्या सावकाराकडे जातात, आणि 'एवढा एक भाग जुळला की झालेच' हे वाक्य घरात वर्षानुवर्षे फिरत राहते. त्याचा पहिला प्रश्न यंत्राचा नसतो. मी या नादात जास्तीत जास्त किती गमावू शकतो, हा असतो. तो आकडा कागदावर मांडून त्यापुढे न जाण्याचे व्रत ज्याला पाळता येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, असे स्पष्ट सांगणारे कोणी त्याला भेटत नाही. टाळ्या वाजवणारे मात्र पुष्कळ भेटतात.

आश्चर्य वाटेल, पण पैसा कमी असणे ही या वाटेवर नेहमी अडचणच ठरते असे नाही. विमानाचा इतिहास याला साक्ष आहे. अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली या मान्यवर शास्त्रज्ञाला युद्धखात्याने 50,000 डॉलर दिले होते. त्याचे यंत्र 8 डिसेंबर 1903 रोजी दुसऱ्यांदा नदीत कोसळले. त्यानंतर नवव्या दिवशी ऑर्व्हिल आणि विल्बर राइट या सायकल-दुकानदार भावांनी आकाशात झेप घेतली. हा योगायोग नेहमी चमत्कारासारखा सांगितला जातो. पण या भावांनी 1901 च्या शरद ऋतूत काय केले ते पाहावे. त्या वर्षीचे त्यांचे ग्लायडर अपेक्षेच्या मानाने फार कमी उचलले गेले होते. त्यांनी दुसरे मोठे ग्लायडर बांधायला घेतले नाही. पूर्वसूरींचे ज्या तक्त्यांवर आपण विसंबलो ते तक्ते आणि आकडेच तर चुकीचे नसतील, अशी शंका त्यांनी घेतली. दुकानात लाकडाची एक लांब पेटी करून तिच्यातून पंख्याने वारा सोडला आणि पंखांचे सुमारे 200 छोटे नमुने एकामागून एक तिच्यात तपासून नोंदी केल्या. खर्च किरकोळ होता, कष्ट मात्र कमालीचे कंटाळवाणे होते. लँग्लीजवळ पैसा होता म्हणून तो पूर्ण आकाराचे यंत्र बांधून थेट उडवून पाहू शकला. राइट बंधूंजवळ तो नव्हता, म्हणून स्वस्तात चुकायचे कसे हे त्यांना शिकावे लागले.

सायकलच्या दुकानाचा हा योग मराठी वाचकाला नवा वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही 1888 साली बेळगावात सायकलींचेच दुकान काढले होते. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही त्यापुढची पायरी. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिले काही नांगर खपायलाच दोन वर्षे लागली असे सांगतात. त्या दोन वर्षांत दुकान चालू होते हे लक्षात घेण्यासारखे आहे. चूल पेटती ठेवणारा एक रुक्ष धंदा एका हाताने सांभाळायचा आणि दुसऱ्या हाताने शोध पुढे न्यायचा, हे त्या काळच्या बहुतेक यशस्वी माणसांचे सूत्र होते. नोकरीवर लाथ मारून संशोधनाला वाहून घेण्याच्या गोष्टी ऐकायला रोमांचक असतात. पण पोट रिकामे असलेला संशोधक लवकर विकला जातो. पहिला येईल त्या सावकाराला किंवा व्यापाऱ्याला तो आपला हक्क मातीमोलाने लिहून देतो.

याची उलटी बाजू शंकर आबाजी भिसे यांच्या चरित्रात सापडते. 1867 साली मुंबईत जन्मलेल्या या मराठी माणसाला त्याच्या हयातीतच 'हिंदी एडिसन' म्हटले गेले, आणि तरीही आज महाराष्ट्रातल्या पदवीधरांपैकी किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे हा प्रश्नच आहे. चौदाव्या वर्षी घरी कोळशापासून वायू काढण्याचे उपकरण करणारा हा मुलगा. पुढे लंडनच्या एका शोधविषयक नियतकालिकाने स्वयंचलित वजनयंत्राच्या रचनेसाठी स्पर्धा लावली तेव्हा तेथल्या इंग्रज अभियंत्यांना मागे टाकून त्यांनी ती जिंकली. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींनी त्यांच्यावर केवळ लोभच केला नाही, पैसाही लावला. भिसे यांचे मुख्य स्वप्न होते छपाईचे खिळे अतिशय वेगाने पाडणारे यंत्र, 'भिसोटाइप'. त्या क्षेत्रात आधीच पाय रोवून बसलेल्या बड्या कंपन्यांशी सामना होता. 1908 च्या सुमारास भांडवल आटले आणि त्यांना मायदेशी परतावे लागले. परतीच्या जहाजावर गोपाळ कृष्ण गोखल्यांची गाठ पडली, गोखल्यांनी रतन जमशेटजी टाटांकडे शब्द टाकला, आणि 1910 मध्ये टाटा-भिसे या नावाने शोधांसाठी संस्था उभी राहिली. तीही टिकली नाही. पुढची वर्षे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये काढली. खिळे पाडण्याचे सुधारलेले यंत्र आणि आयोडीनपासून केलेले 'अ‍ॅटोमिडीन' हे औषध ही तिथली त्यांची कमाई. 1935 साली तेथेच त्यांचे निधन झाले.

भिसे यांना पारतंत्र्याने अडवले हे खरेच आहे. हिंदी माणसाच्या यंत्रात लंडनचा भांडवलदार सहजासहजी पैसा घालत नव्हता. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे त्यांच्याकडून काहीच न शिकणे. विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी, स्वयंपाकघरातली उपकरणे, दूरध्वनी, डोकेदुखीवरचा इलाज. एक कल्पना पुरती बाजारात उतरण्यापूर्वी दुसरी त्यांच्या मेजावर आलेली असे. कल्पनेचा हा सुकाळ म्हणजे प्रतिभेचे लक्षण, पण भांडवलाच्या दृष्टीने तो एक व्यसनासारखाच असतो. नवी कल्पना नेहमी जुनीपेक्षा सुंदर दिसते, कारण तिच्यातले दोष अजून दिसायचे असतात. जुन्या कल्पनेचे शेवटचे दहा टक्के काम, म्हणजे गळणारे झाकण, झिजणारा दाता, कारागिराला न कळणारे रेखाचित्र, हे निरस असते. नव्या कल्पनेला वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवून पुन्हा त्या गळणाऱ्या झाकणाकडे वळणे, यापेक्षा अवघड संयम संशोधकाला क्वचितच करावा लागत असेल.

वहीचा उल्लेख आला तो सहज नव्हे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा सरळ राखाव्या, कागद-शाईची निगा कशी करावी, याचा बारीक तपशील एका विरागी माणसाने इतक्या आस्थेने का सांगावा, असा प्रश्न पडतो. लिहून न ठेवलेले ज्ञान त्या माणसाबरोबरच जाते, हे मठांची यंत्रणा चालवणाऱ्याला पक्के ठाऊक असावे. संशोधकाच्या दृष्टीने तर तारीख घातलेली, पाने क्रमाने बांधलेली, फसलेल्या प्रयोगांसकट सगळे काही नोंदवणारी वही हे त्याचे अर्धे भांडवल आहे. फसलेल्या प्रयोगांची नोंद तर विशेष महत्त्वाची. ती नसेल तर तीच चूक दोन वर्षांनी पुन्हा, आणि तीही नव्या पैशाने केली जाते.

वही नसली की काय होते याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या फार जवळचे आणि म्हणूनच नाजूक आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, असे अनेकांना मनापासून वाटते. तळपदे उत्साही आणि व्यासंगी होते याबद्दल वाद नाही. पण त्या यंत्राची मापे, त्याचे तपासता येण्यासारखे आराखडे, उड्डाणाची तेव्हाच केलेली विश्वसनीय नोंद यांपैकी काहीही पुढे ठेवता येत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार या कथेला दिला जातो तो ग्रंथ विसाव्या शतकातला असल्याचे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 मध्ये दाखवले, आणि त्यातली यंत्रे उडू शकणार नाहीत असा निर्वाळाही दिला. या कथेचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे कटू वाटते. तळपदे यांनी खरोखरच काही साधले असेल तर त्या माणसावर याहून मोठा अन्याय तो कोणता, की त्याचे यश सिद्ध करायला त्याच्या हातचा एकही आकडा उरला नाही.

नोंदीइतकीच दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मौन. भारतीय पेटंट कायदा 1970 चा. त्यात वेळोवेळी बदल झाले, पण एक तत्त्व कायम आहे. अर्ज करण्यापूर्वी शोध लोकांसमोर आला तर सर्वसाधारणपणे त्याचे नावीन्य संपते. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखे अपवाद आहेत, तेही बारा महिन्यांच्या मुदतीने. गावाकडचा संशोधक नेमके उलटे करतो. यंत्र चालले की पहिली गोष्ट म्हणजे जत्रेत वा कृषिमेळाव्यात ते मांडणे, पाहुण्यांच्या हस्ते नारळ फोडणे, आणि मोबाइलवर चित्रफीत करून ती साऱ्या जगाला दाखवणे. त्या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे वेडा ठरलेल्या माणसाला एक दिवस शहाणे ठरायचे असते. पण तात्पुरता मसुदा दाखल करून पुढे बारा महिन्यांत संपूर्ण तपशील देण्याची सोय कायद्यात आहे, आणि व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे प्राथमिक शुल्क 1,600 रुपये म्हणजे मोठ्या कंपनीच्या एक-पंचमांश आहे, हे त्याला नारळ फोडण्यापूर्वी कोणी तरी सांगायला हवे. महाविद्यालयांनी आणि तंत्रनिकेतनांनी हे काम अंगावर घेतले तर भाषणांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. अर्थात पेटंट मिळाले म्हणजे पैसा मिळाला असेही नाही. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचे शुल्क लागते, वकिलाचा खर्च वेगळा, आणि ज्याला कोणी विकत घेणारच नाही अशा शोधाचे पेटंट म्हणजे भिंतीवरची तसबीर.

पेटंट हाती असूनही त्याच्या मागे आयुष्य कसे खर्ची पडते हे तर राइट बंधूंनीच दाखवले. 1906 साली हक्क मिळाल्यावर पुढच्या काही वर्षांत ते कोर्टकचेऱ्यांत इतके गुंतले की विमानाच्या सुधारणेत इतर लोक पुढे निघून गेले. 1912 मध्ये विल्बर विषमज्वराने गेला तेव्हाही दावे चालूच होते. जी चिकाटी कार्यशाळेत गुण होती तीच कचेरीत अवगुण ठरली. कोठे चिकटून राहायचे आणि कोठे हात सोडायचा, हा विवेक शिस्तीचाच भाग मानला पाहिजे.

आणि तरीही, ही सगळी शिस्त अंगी असलेल्या माणसाच्या पदरात काय पडते? या प्रश्नाला बगल देऊन संशोधकांना उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे होईल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक छोटे गाव आहे. मराठवाड्यातल्या नांदेडशी त्याचा संबंध नाही. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे, जमीन जेमतेम दीड एकर. 1983 मध्ये धानाच्या उभ्या पिकात त्यांना तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. हजारो शेतकऱ्यांच्या नजरेखालून अशा लोंब्या जातात आणि खळ्यात मिसळतात. दादाजींनी त्या वेगळ्या काढून ठेवल्या. पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध लहानशा तुकड्यात त्या लावल्या आणि जवळच्या रानातल्या डुकरांपासून वाचवायला भोवती काटेरी फांद्या टाकल्या. मग पुन्हा निवड, पुन्हा पेरणी. बारीक दाण्याचा, शिजायला चांगला असा तो तांदूळ बाजारात नेण्याजोगा व्हायला सात वर्षे लागली. 1990 च्या सुमारास व्यापाऱ्याने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले, 'एचएमटी'. आज विदर्भातच नव्हे तर शेजारच्या राज्यांतही किराणा दुकानात ते नाव घेऊन तांदूळ मागितला जातो.

1994 मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या वतीने दादाजींकडून पाच किलो बियाणे नेण्यात आले, आणि 1998 मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण प्रसृत झाले. मूळ वाण शुद्ध करून सुधारल्याची विद्यापीठाची भूमिका होती; ज्याच्या शेतात ते जन्मले त्याला श्रेय आणि मोबदला मिळाला नाही, ही दादाजींची तक्रार अखेरपर्यंत राहिली. कायद्याची गंमत अशी की बियाणे आणि शेतीची पद्धत यांना भारतात पेटंट मिळत नाही, आणि शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करण्याची तरतूद 2001 च्या कायद्याने आली, म्हणजे त्यांच्या तीन लोंब्यांनंतर अठरा वर्षांनी. बियाण्यात पैसा नाही असे मुळीच नाही. जांबच्याच जिल्ह्यात, जालन्यात, बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको उभारली आणि 1998 चे जागतिक अन्न पारितोषिक मिळवले. त्यांच्या उद्योगामुळे जालना हे बियाण्यांचे गाव म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. तिथे भांडवल होते, गोदामे होती, विक्रेत्यांचे जाळे होते. दादाजींजवळ नजर होती, वही नसली तरी पेरणीचा पक्का क्रम होता, आणि जिद्द होती. ज्या वर्षी महाराष्ट्रातला एक माणूस बियाण्यांसाठी जगाचा सन्मान घेत होता त्याच वर्षी दुसऱ्याचे बियाणे त्याच्या नावाशिवाय बाजारात उतरत होते, हे वाचून कोणाही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे.

दादाजी मात्र थांबले नाहीत. मोबदल्याची वाट पाहत कडवट होऊन बसणे त्यांना सहज शक्य होते आणि कोणी दोषही दिला नसता. त्यांनी आणखी वाणे निवडली: नांदेड-92, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपकरत्न, स्वतःच्या आद्याक्षरांचे डीआरके. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या पुरस्काराने राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी त्यांना गौरवले. 2010 मध्ये 'फोर्ब्स' या अमेरिकी नियतकालिकाने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घातले. अखेरच्या आजारात औषधोपचाराच्या पैशांसाठी या घराला इतरांच्या मदतीकडे पाहावे लागले. 3 जून 2018 रोजी ते गेले. मृग दोन-चार दिवसांवर आला होता, आणि धानपट्ट्यातले शेतकरी त्या आठवड्यात नेहमीप्रमाणे एचएमटीच्या बियाण्याची पोती उघडून पाहत होते.